खालचं वारं

लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मामांनी मला वाळत घातलेल्या कुरडया उचलायला लावल्या. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत. वाडीतले बाकीचे सगळे त्यांना आबा म्हणत. ऊन कडकडीत होतं, दारच्या आंब्याचं पान हलत नव्हतं. मी नुकत्याच बाजेवर धोतर अंथरून कुरडया घातल्या होत्या आणि हात धूत होते. मामा ओसरीवर तंबाखू मळत बसलेले. ते एकदम थांबले, मान जराशी वळवली आणि म्हणाले, "पोरी, त्या कुरडया आत घे. खालचं वारं येतंय."

मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चाललीय. पण आत्या चुलीपुढून उठून आल्या आणि काही न बोलता त्यांनी बाजेचं एक टोक धरलं. बाज आत नेऊन टेकवतोय तोच अंगणात धुळीचा भोवरा उठला आणि आंबा सळसळायला लागला. आत्या परत भाकरीकडे वळल्या. मामांनी तंबाखूचा बार भरला. त्या घरात हे रोजचंच होतं.

आमची वाडी मावळात, कान्हे गावाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. पश्चिमेला लोणावळ्यापाशी घाटमाथा संपतो आणि खाली कोकण. उन्हाळ्यात सकाळच्या वेळी आमच्याकडे पूर्वेचा, तळेगावच्या अंगाचा हलका वारा असे. दुपार कलली की तो पडे आणि कोकणातून घाट चढून पश्चिमेचा वारा येई, चांगला दमदार. त्यालाच सगळे खालचं वारं म्हणत. ते येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कधी येणार, हे मात्र मामांना कळायचं. एखाद्या दिवशी दुपारीच, एखाद्या दिवशी पार उन्हं उतरल्यावर, कधी कधी नाहीच. मामा पाऊस सांगत नसत. पिकाचं सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "ते मला कुटं ठावं?" पण दुपारपर्यंत वारा कुणीकडून वाहील, कधी फिरेल, एवढं ते सांगत, आणि वाडीला तेवढंच हवं असायचं.

ते कसं ओळखतात हे मी पुष्कळदा खोदून विचारलं. मी तळेगावच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. ते सांगत, कामशेतकडच्या गाडीची शिटी जवळ ऐकू यायला लागली की समजायचं, वर कुठंतरी वारा फिरलाय. घारी डोंगराच्या कोणत्या अंगाला चढतायत ते बघायचं. मावळतीच्या डोंगराची कड धुरकट झालीय का ते बघायचं. गुरं तोंड कुणीकडं करतायत ते बघायचं.

"आणि मग?" मी विचारायची.

"मग काय? मग कळतं," ते म्हणत, आणि स्वतःच हसत. पुढचं त्यांनाही सांगता येत नसावं.

या वाऱ्याची खरी गरज लागायची ती राबाला. भाताची रोपं जिथं टाकायची ती जमीन आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. झाडांच्या फांद्या, शेण, पालापाचोळा, गवत असे थरावर थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. तो राब. तो पेटवायचा वाऱ्याच्या उलट्या अंगानं. सकाळी वारा पूर्वेकडून असला की पश्चिमेच्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत, रांगत रांगत पुढं सरकते आणि खालची माती नीट भाजून निघते. मातीतलं तणाचं बी मरतं. पण आग अर्ध्यावर असताना वारा फिरला, तर ती रांगत नाही, पळते. आमची वाडी भातखाचरांच्या पूर्वेला. म्हणजे पळाली तर वाडीकडेच. पहाटे पेटवावं तर रात्रीच्या दहिवरानं पाला दमट असतो, धरत नाही. म्हणून ऊन जरा वर आल्यावर पेटवायचं आणि खालचं वारं यायच्या आत संपवायचं. मधली ती सकाळ किती लांब आहे, ते मामांना विचारायचं.

मामांचे एक दोस्त होते. लहानपणापासूनचे. त्यांचं घर वाडीच्या पश्चिम टोकाला, खाचरांना लागून. कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर, तेव्हा वाडीत बहुतेकांची घरं तशीच. मी आले त्याच्या आधीच अंगावरून वारं जाऊन त्यांची एक बाजू लुळी पडली होती. ते दिवसभर दाराशी बाजेवर पडून असत, जीभ जड झालेली. पण वाऱ्यावरून मामांशी भांडायला त्यांना ती जड जीभ पुरायची. मामा रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत. मी ताक द्यायला गेले की दोघांचं चाललेलंच असे.

"आज लौकर यील," दोस्त म्हणायचे.

"न्हाई यायचं. घारी बग की."

"घारीला काय कळतंय?"

"तुला लय कळतंय!"

बहुतेक वेळा मामांचं खरं व्हायचं. कधीतरी दोस्तांचं झालं, तर ते दुपारभर एका अंगानं हसत पडायचे आणि मामा संध्याकाळी त्यांच्याकडे फिरकत नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्या वर्षी चैत्रातली एकवीरेची यात्रा होऊन गेली होती आणि त्यानंतरचा पहिला कामशेतचा बाजार दुसऱ्या दिवशी होता. दोस्तांचा मुलगा सकाळी आमच्या अंगणात आला. माझ्या नवऱ्याच्याच वयाचा, अबोल, कष्टाळू. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाप आणि शेत, दोन्ही त्याच्या एकट्याच्या अंगावर.

"आबा, आज राब पेटवू का?"

मामा ओसरीवरून उतरले. आंब्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. पश्चिमेकडे बघितलं, वर बघितलं. गाडीची शिटी झाली, ती लांब होती; मीसुद्धा ऐकली. पूर्वेची झुळूक गालाला लागत होती. आभाळ स्वच्छ. मामा बराच वेळ उभे होते. त्यांनी कधीच घाईत सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही.

"पेटव," ते म्हणाले. "दुपार टळंस्तवर काय फिरत न्हाई."

ऊन वर आल्यावर त्यानं पश्चिमेच्या टोकाला आग लावली. माझा नवरा आणि आणखी दोघं मदतीला होते. आम्ही बायका विहिरीवर होतो. राबाचा धूर नेहमीसारखा आमच्यापासून दूर, मावळतीच्या डोंगराकडे झुकून चालला होता. काम छान चाललं होतं.

मी घागरीसाठी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि बघते तर धूर सरळ उभा राहिलेला. खांबासारखा. मग तो खांब आमच्याकडे वाकला. अजून दुपार व्हायची होती, सावल्या अजून लांब होत्या, आणि पश्चिमेकडून असा झोत आला की माझ्या डोक्यावरची चुंबळ उडाली. शेतातून गडी ओरडले. आग रांगायची थांबून राबावरून नुसती धावत सुटली होती आणि पेटलेला पाला हवेत चढून वाडीवर येत होता.

सगळ्यात आधी टोकाचं छप्पर धरलं. मग वाडीच्या मधली गवताची गंजी. मी मामांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते ओसरीवरून उडी टाकून धावले, डोक्यावरचं मुंडासं वाटेत पडलं. आम्ही घागरी घेऊन मागून गेलो. ते दारातून आत घुसले आणि दोस्ताला बाजेसकट ओढायला लागले. बाज दारात अडकली. मग त्यांनी त्याला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. वरून गवत जळत पडत होतं. शेतातून मुलगा पोचला तेव्हा बाप समोरच्या उंबराच्या झाडाखाली होता आणि घर नव्हतं.

दुपारपर्यंत आणखी काही घरं गेली. आमचं राहिलं. मधल्या गंजीपाशी लोकांनी छपरं ओढून पाडली म्हणून अर्धी वाडी तरी वाचली. दोस्तांच्या पाठीला आणि त्या गेलेल्या अंगाला भाजलं होतं, पण जास्त करून धूरच छातीत गेला होता. मुलगा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मामा शेजारी. मी पाणी घेऊन उभी होते, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

दोस्तांनी डोळे उघडले. जड जिभेनं विचारलं, "कुटनं आलं?"

"खालनं," मामा म्हणाले.

"येवड्या लौकर?"

दोस्त त्यांच्याकडे बघत राहिले, रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. संध्याकाळच्या आत ते गेले.

मामांना कुणी शब्दानं बोललं नाही, हे मला मुद्दाम सांगायला पाहिजे. दिवसकार्याला मुलानं त्यांनाच पुढं बसवलं. ज्यांची घरं जळाली, तेही म्हणाले, "आबा, वारं काय कुणाच्या बापाचं हाय?" नवी छपरं घालताना मामा रोज एकेकाच्या दारात जाऊन फांद्या तासत, कूड विणत. पण त्या दिवसापासून त्यांनी वारा सांगायचं सोडलं. घरातही सोडलं. माझे पापड उडाले तरी ते ओसरीवर बसून बघत राहत. आणि त्यांच्या मनात एकच विषय. रात्रंदिवस तोच असावा, पण बोलत ते फार क्वचित. एकदा भात खाता खाता म्हणाले, "कायतरी दिसलं असणार. मलाच दिसलं न्हाई."

"शिटी तर लांबच होती, मामा. मी पण ऐकली," मी म्हटलं.

"शिटी व्हती लांब. घारी बी बरोबर व्हत्या. तरी कायतरी असणार."

दिवाळीनंतर माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण होतं. ती लोणावळ्याला दिलेली, तिचा नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर. मला पोचवायला नवरा निघाला तर मामा म्हणाले, "मी जातो." सगळ्यांना आश्चर्य वाटलं. आगीनंतर ते कामशेतच्या बाजारालाही गेले नव्हते. कामशेतला आम्ही गाडीत बसलो. डब्यात ते खिडकीशी बसले आणि वाटभर बाहेरच्या झाडांचे शेंडे बघत राहिले.

लोणावळ्याला पोचल्यावर त्यांनी बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "घाट जितनं उतरतो ती जागा दाव." मी त्यांच्याबरोबर कड्यापर्यंत चालत गेले. खाली कोकण निळंकाळं पसरलेलं, खोल दरी, घाटातल्या गाडीचा धूर. त्या दिवसांत वारा पूर्वेचा असतो. तो आमच्या पाठीवर येत होता आणि दरीत उतरून जात होता. मामा खूप वेळ खाली बघत उभे राहिले. मला भीती वाटायला लागली, म्हणून मी त्यांच्या घोंगडीचं टोक धरून ठेवलं.

"हितनं चढतं," ते म्हणाले. एवढंच. मग आम्ही परतलो.

बहिणीच्या शेजारी एक मुसलमान गृहस्थ राहत. घाटातल्या रुळांवर काम करणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते, आता नोकरीतून सुटले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. संध्याकाळी ते मामांशी बोलायला ओट्यावर येऊन बसले. पीकपाणी झालं, लढाईच्या अफवा झाल्या. मग मामांनी एकाएकी विचारलं, "चाचा, औंदा येकवीरेची यात्रा झाल्यावर, कामशेतच्या पयल्या बाजाराच्या आदल्या दिवशी, हितं खालचं वारं कवा लागलं? काय ध्यानात हाय का?"

मी मनात म्हटलं, असं कोण ध्यानात ठेवतं! पण चाचा हसायला लागले.

"तो दिवस मी कसा विसरेन, आबा? माझ्या धाकट्या लेकीचा निकाह होता. दारात मांडव घातलेला. पाहुण्यांची न्याहारी चालली होती तोच असा वारा सुटला, की कनात उपटून त्या समोरच्या जांभळीवर जाऊन बसली. स्वयंपाकाच्या डेगा घराच्या आड न्याव्या लागल्या. मुलं कनात काढायला झाडावर चढली. लोक हसून हसून बेजार!"

"न्याहारीच्या वक्ताला?" मामांनी विचारलं.

"तर काय. आम्हालाही नवल वाटलं. एवढ्या सकाळी कधी येत नाही."

मामा खाली बघत होते. त्यांचा हात घोंगडीवरून फिरत होता. "तवा आमचा राब पेटलासुदीक नव्हता," ते म्हणाले.

चाचांना काही समजलं नाही. मामा पुढं म्हणाले, "हितनं कामशेतला तारेचं खांब हायती न्हवं?"

"आहेत की."

"मग वारं फिरल्यालं हितनं कळवता येत न्हाई?"

चाचा अजून हसऱ्या तोंडानंच बोलत होते. "वारा सुटला म्हणून कोण तार करतं, आबा? गाडीची तार होते, साहेबाची होते. वाऱ्याची कुठं होते? आणि केली तरी कामशेतला ती घेणार कोण, तुमच्या वाडीला पोचवणार कोण?"

मामा उठले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांना सांगितलं, राब, टोकाचं घर, दोस्त, सगळं. त्यांचं तोंड उतरत गेलं. जाताना उंबऱ्यात थांबून हळू आवाजात म्हणाले, "आम्ही इथं हसत होतो हो."

मला वाटलं होतं, आता मामांच्या मनावरचं ओझं उतरेल. आमच्या वाडीत बसून ते कळण्यासारखं नव्हतंच, हे तर सिद्ध झालं. पण झालं उलटंच. घरी आल्यावर ते आत्यांना म्हणाले, "वारं लोनावळ्याला कळलं व्हतं. मी हितं बसून सांगत व्हतो." आणि एवढी वर्षं आपण जे सांगत आलो ते नुसतंच बरं नशीब होतं की काय, ही शंका त्यांच्या मनात शिरली, ती मग निघाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोस्तांचा मुलगा पुन्हा अंगणात आला. बायको, तान्हं मूल, नवं छप्पर. त्याला राब पेटवायचा होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आज पेटवू का?"

मामा म्हणाले, "मला इचारू नगंस."

"मग कुनाला इचारू?"

"मला कळत न्हाई. कळत असतं तर तुजा बाप आज असता."

मुलाचा चेहरा लाल झाला. "मी तुमास्नी कवा बोल लावला का? सांगा, लावला का? तुमी सांगितल्याबिगर माजा हात हुत न्हाई पेटवायला."

मामा उठून आत गेले. मुलगा अंगणात तसाच उभा. आत्यांनी त्याला पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. तो रोज सकाळी राबाशी जाऊन उभा राही, पश्चिमेकडे बघे आणि परत येई. हात होत नव्हता हे खरंच. शेवटी एका दुपारी वळवाचा पाऊस आला आणि रचलेला राब भिजून चिखल झाला. त्या वर्षी त्याच्या रोपांत तणच फार माजलं, रोपं पिवळी पडली. लावणीला त्यानं घरोघर उरलेली रोपं मागून आणली. आमच्या घरातूनही नेली. मामांनी ती स्वतः उपटून, जुड्या बांधून दिली, पण त्याच्या डोळ्यांत त्यांना बघता आलं नाही.

मामांनी सांगायचं सोडलं, पण त्यांना कळायचं थांबलं नव्हतं. ते मला आणि आत्यांना दिसत होतं. वारा फिरायच्या आधी ओसरीवर बसल्या बसल्या त्यांची मान वळायची, मळता हात थांबायचा, कधी घोंगडी खांद्यावर ओढून घ्यायचे. त्यांचं त्यांना समजत नसे. विहिरीवर बायका आत्यांना विचारायच्या, "आबा कुनीकडं तोंड करून बसल्यात आज?" आणि आत्या सांगायच्या. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. सुगीत भात उफणायला वारा लागतोच. कुणी आमच्या अंगणावरून सहज म्हणून जायचं, ओसरीकडे एक नजर टाकायचं आणि जाऊन खळ्यावर सूप उचलायचं.

एकदा असाच एक शेजारी आला, बघितलं आणि घाईघाईनं परत फिरला. मामांनी त्याला हाक मारली, "काय रं, आला काय, गेला काय?" तो भोळा माणूस. म्हणाला, "काय न्हाई, तुमी मान फिरवली, म्हनून खळ्याकडं निगालो."

मामांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मान खाली घातली. मामा चिडले नाहीत, ओरडले नाहीत. तंबाखूची चंची उचलून ते गोठ्यात गेले आणि तिथं दाराकडं पाठ करून बसले. त्यानंतर त्यांची बसायची जागा तीच. उन्हाळ्यात गोठ्यात जीव घुसमटायचा, माश्या घोंघावायच्या. आत्या रडल्या, नवऱ्यानं समजावलं, उपयोग झाला नाही. भाकरीचं ताट मी तिथंच नेऊन द्यायची. एकदा मी म्हटलं, "मामा, बाहेर बसा की. कुणी बघणार नाही." ते म्हणाले, "पोरी, मान माजी ऐकत न्हाई."

अशी दोन-तीन वर्षं गेली. लढाई चालू होती, रॉकेल मिळेना, कापड मिळेना. एका चैत्रात दोस्तांचा मुलगा थेट गोठ्यात गेला. मी दूध काढत होते. तो मामांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"आबा, सांगू नका. मी इचारत बी न्हाई. नुसतं बांधावर येऊन हुबं ऱ्हावा."

"माज्या हुबं ऱ्हान्यानं काय व्हनार?"

"काय न्हाई व्हनार. पर मला येकट्याला भ्या वाटतं."

मामा काठी घेऊन उठले.

त्या वर्षी मुलानं राब वेगळ्या तऱ्हेनं रचला होता. एक मोठा पट्टा नाही, तर लहान लहान चौकोन, मधे उघडी माती सोडलेली. एक पेटवायचा, तो विझला की पुढचा. कडेला पाण्याच्या घागरी आणि ओल्या फांद्या. वाडीतले निम्मे लोक मदतीला आले होते. असं केलं की काम चार दिवस चालतं, जमीन वाया जाते, पण वारा फिरला तरी एवढासा चौकोन जळेल, आणखी काय? मामा बांधावर उभे राहून हे बघत होते. त्यांना त्यातलं ताबडतोब कळलं असणार. आता वारा कुणाला विचारायची गरजच नव्हती.

त्या दिवशीचे चौकोन नीट भाजले. वारा दुपारनंतर आला, नेहमीसारखा, तोवर सगळं विझलं होतं. मुलानं मामांच्या पायांना हात लावला, म्हणाला, "आबा, बरं झालं आलात." सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. मामा म्हणाले, "आज न्हाई फिरलं लौकर. म्हनून काय झालं?" आणि एकटेच घराकडं चालायला लागले. मी मागून गेले. दोस्ताला ज्याच्याखाली आणून ठेवलं होतं त्या उंबरापाशी ते थांबतील असं मला वाटलं, पण त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढल्या थंडीत ते गेले. काही दिवस ताप, खोकला, मग अन्न सुटलं. शेवटी त्यांना बाहेर ओसरीवर आणून झोपवलं होतं, पण तेव्हा त्यांची मान वळत नव्हती.

हळूहळू सगळी वाडी चौकोनी राब करायला लागली. छपरांवर कौलं आली. नव्या सुनांना तर असं वारा सांगणारं कुणी होतं, हेच खरं वाटत नाही. मला मात्र त्यांच्याजवळ राहून थोडंफार कळायला लागलं होतं. सगळं नाही. डोंगराची कड धुरकट झाली, शिटीचा आवाज बदलला, की अंगात काहीतरी हलतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण नवऱ्यानं ओळखलं असावं. भात उफणायला निघताना अंगणात थांबून त्यानं एकदा विचारलं, "काय गं, यील का वारं दुपारपतुर? आबांच्या हाताखालची तू."

मी सूप पुसत होते. पश्चिमेकडे न बघता म्हटलं, "मला काय कळतंय?"

तो पोती उचलून खळ्याकडं गेला.